पैसा आल्यावर माणसं गरज नसताना वस्तू का घेतात?

तुम्ही विचारलंय, घरात पैसा आला की माणसं गरज नसताना खरेदी का करत सुटतात, ही हावच ना? मला तसं वाटत नाही. बहुतेक वेळा ती आपल्याच माणसांत कमी पडण्याची धास्ती असते.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, गणेश चतुर्थीला, मुलीच्या सासरी वजें पाठवतात, म्हणजे फराळाचं नि फळांचं ओझं. १९९४ साली बहिणीचं वजें घरीच केलं. आई आणि काकी रात्री उशिरापर्यंत नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा बोटांनी मुरडत बसायच्या. दोन टोपल्या, केळ्यांचा घड, नारळ. सासरच्यांनी ते शेजारीपाजारी वाटलं, आणि नेवरी ज्या घरी पोचली तिथं नव्या सुनेचं माहेर कळलं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीची पहिली चवथ. भावजय सहज म्हणाली, "त्यांच्या शेजारणीकडे एकवीस टोपल्या आल्या होत्या हां." मी एकवीस टोपल्यांची ऑर्डर देऊन आले. माझे आजोबा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनदाराच्या, जमिनीत घर असलेले. टेम्पो भरताना मला तेच आठवत होते.

थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये 'दिखाऊ उपभोगा'ची कल्पना मांडली. शहरात अनोळखी लोकांपुढे ऐपत दाखवायला वस्तू लागतात, गावात माणसं एकमेकांना ओळखतात म्हणून तितक्या लागत नाहीत, असं त्याचं म्हणणं. हे मात्र मला पटत नाही. अनोळखी माणूस बघतो आणि निघून जातो. नात्यातली बाई वीस वर्षं लक्षात ठेवते.

शिवाय ऐपतीची खूण जुनी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या साधारण ४५ टक्के घरांत मोटार होती. देशभरात हेच प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास. दारात गाडी असणं आमच्याकडे आता काहीच सांगत नाही. मग फरक दुसरीकडे शोधला जातो: लग्नाचा हॉल, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, वज्याच्या टोपल्या.

चवथीनंतर पंधरा दिवसांनी मुलीला भेटायला गेले. निघताना विहीणबाईंनी लाडवांचा डबा माझ्याच हातात ठेवला. "सगळीकडे वाटले हो, तरी उरले. आता घरात खाणारं कोण आहे?" त्यात टोमणा नव्हता. लाडू आमच्याच वज्यातले होते.