साक्षी, साक्षीदार, साक्ष, ग्वाही: किती जण आणि कोण कोणाचं

प्रश्न असा आलाय की 'साक्षीभावाने बघा', म्हणजे स्वतः न गुंतता नुसतं बघा, म्हणतात त्यातला साक्षी आणि कोर्टात पिंजऱ्यात उभा राहतो तो साक्षीदार हे मुळात एकच का, आणि 'मी त्या घटनेचा साक्षी आहे' म्हणायचं की 'साक्षीदार आहे'.

मूळ एकच. संस्कृतात साक्षिन्, 'साक्षात्' वरून आलेला, आणि पाणिनीने त्याच्यासाठी वेगळं सूत्रच ठेवलंय (५.२.९१), साक्षात बघणारा तो साक्षी. आत 'अक्षि' म्हणजे डोळा बसलाय. साक्षात, साक्षात्कार ही सगळी त्याच घरातली मंडळी. साक्षर मात्र नाही हां, तो स अधिक अक्षर, नुसता दिसायला भाऊ. आणि जाता जाता, साक्षी हे मुलीचं नाव आता इतकं रुळलंय की कुणाच्या लक्षात येत नाही पण संस्कृत व्याकरणाने ते पुल्लिंगी रूप आहे, स्त्रीलिंगी होईल साक्षिणी. साक्षी नावाच्या मुलींनी रागवू नये, नाव छानच आहे.

आता 'दार' कुठून आलं तर फारसीतून, जमीनदार, दुकानदार यातलंच. साक्षी म्हणजे आधीच माणूस असताना त्याला परत दार कशाला असं वाटेल, पण मराठीत 'साक्षी' हा शब्द माणसावरून सरकून त्या कृतीवर पण गेलाय, म्हणजे अग्नीच्या साक्षीने, साक्षीला बोलावलं, साक्षीपुरावे वगैरे. मग साक्ष देणाऱ्या माणसासाठी दार लावून घेतलं ते सोयीचंच झालं.

प्रश्नाचा खरा गाभा मात्र साक्षीभावात आहे. सांख्य तत्त्वज्ञानाचा मूळ ग्रंथ सांख्यकारिका, त्यातल्या १९व्या कारिकेत (श्लोकात) पुरुषाचं, म्हणजे आतल्या बघणाऱ्या चैतन्याचं, वर्णन करताना साक्षित्व, माध्यस्थ्य (तटस्थपणा), द्रष्टृत्व (बघणारा असणं), अकर्तृभाव (कर्ता नसणं) असे शब्द येतात, आणि त्यावर टीकाकार वाचस्पती मिश्र सांख्यतत्त्वकौमुदीत काय म्हणतात तर वादी आणि प्रतिवादी जसा आपला वादाचा विषय साक्षीदाराला दाखवतात तशी प्रकृती, म्हणजे जग जिच्यातून घडतं ती, आपला सगळा कारभार पुरुषाला दाखवते, म्हणून तो साक्षी. म्हणजे बघा, तत्त्वज्ञानातला साक्षी समजावून सांगायला थेट भांडणातला साक्षीदार आणलाय! आपल्याला वाटतं कोर्टाचा शब्द वेगळा आणि अध्यात्माचा वेगळा, पण त्यांना तसं वाटत नव्हतं. दोन्हीकडे अट एकच, की तो त्या भांडणात स्वतः नाही. मुंडकोपनिषदातले ते दोन पक्षी, एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता बघतो, त्यातला दुसरा तो हाच.

फरक पडतो तो पुढे. अध्यात्मातल्या साक्षीने बोलायचं नसतं, नुसतं बघायचं. कोर्टातला न बोलला तर त्याचा उपयोगच काय? मराठीने हा फरक शब्दांत पण उतरवलाय असं मला वाटतं, साक्षी बघतो आणि साक्षीदाराला बोलावं लागतं. त्यामुळे अपघात डोळ्यांदेखत बघितला आणि उद्या विचारलं तर सांगणार असाल तर 'साक्षीदार' म्हणा. झाड, नदी, चंद्र यांना 'साक्षी' शोभतं. 'हे मैदान त्या क्षणाचे साक्षीदार ठरले' असं छापून येतं ते चूक म्हणणार नाही पण माझ्या कानाला खटकतं, मैदानाला कोण समन्स काढणार.

सहीपुरता साक्षीदार हा आणखी तिसराच प्रकार. मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदार लागतात, विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) लग्न करायचं तर तीन. पण मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदाराला आत काय लिहिलंय ते माहीत असायची गरज नाही, त्याने सही होताना बघितली एवढंच. उलट कोर्टात एखादी गोष्ट शाबीत करायला अमुक इतके साक्षीदार पाहिजेतच असं १८७२च्या पुरावा कायद्यातच नव्हतं, कलम १३४ तेच सांगायचं, १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात पण हे तत्त्व तसंच आहे.

साक्षीदार जबाब फिरवतो तेव्हा आपण म्हणतो फुटला, उलटला, फितूर झाला. फितूर हा शब्द मला जरा अन्यायाचा वाटतो कारण फितूर व्हायला आधी कुणाच्या तरी बाजूचा असावा लागतो, आणि साक्षीदार कुणाच्याच बाजूचा नसतो अशी तर मूळ कल्पना.

ग्वाहीचं तर अजूनच मजेशीर झालंय. फारसीत गवाह म्हणजे साक्षीदार आणि गवाही म्हणजे साक्ष. तुकोबांच्या 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही' मध्ये ग्वाही म्हणजे साक्षीदारच, मनालाच साक्षीला उभं केलं आणि बहुमत मानलं नाही. आणि आज पेपरात काय वाचतो, 'मंत्र्यांनी ग्वाही दिली'. म्हणजे झालेल्या गोष्टीबद्दल बोलायचा शब्द अजून न झालेल्या गोष्टीच्या आश्वासनावर जाऊन बसला! साक्ष देणाऱ्याला उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं, ग्वाही देणाऱ्याला ती पण भीती नाही.

शहीद पण याच विषयातला. अरबीत शाहिद म्हणजे साक्षीदार आणि शहीद त्याच धातूचा, आणि ग्रीकमध्ये पण साक्षीदार या अर्थाचा 'मार्तुस' शब्द पुढे हुतात्म्यासाठी वापरायला लागले. जे खरं मानलं त्याची साक्ष जीव देऊन दिली असा तो अर्थ. शाहीर मात्र यात नाही बरं का, तो शायरवाला, ध्वनी जवळचा म्हणून बरेच जण इथे ओढतात.

राहता राहिला 'स्वयंसाक्षांकित'. साक्षांकित प्रत म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मूळ कागद बघून ही खरी नक्कल असं म्हणून सही केलेली, पूर्वी त्या एका सहीशिक्क्यासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरावं लागायचं. आता झेरॉक्सवर आपणच सही ठोकतो. शब्द म्हणून बघितला तर आपणच आपले साक्षी, वर बघितलं त्या अटीत अजिबात बसत नाही, पण तुकोबांनी मनाला ग्वाही केलं ते याहून वेगळं कुठे होतं म्हणा, फक्त फॉर्म भरायचा नव्हता.