लहानपणी आईला सांगितलेले इतक्या वर्षांनी नीट आठवते का?

आठव्या वर्षी शेजाऱ्याच्या वागण्याविषयी आपण आईला सांगितले होते आणि आज ती म्हणते की तू असे काही सांगितलेच नाहीस. मग खरी आठवण कोणाची, असे आपण विचारले आहे. मी मानसशास्त्राची अभ्यासक नाही, पण हाच प्रश्न माझ्या घरात पडला आणि त्यापायी मी बरेच वाचले.

इंदूरला रामबागेत आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक भाडेकरू होते आणि मी त्यांच्याकडे गणित शिकायला जात असे. नऊ वर्षांची असताना, यापुढे जाणार नाही आणि का जाणार नाही, हे मी आईला स्वयंपाकघरात सांगितले. गहू निवडता निवडता तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, "आजीच्या कानावर जाऊ देऊ नकोस." हे वाक्य मी तीस वर्षे जपले. चाळिशीला आल्यावर विषय काढला, तेव्हा आई म्हणाली की तू फक्त पोट दुखते म्हणाली होतीस.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे कायदा सल्लागार राहिलेले जॉन डीन यांनी 1973 साली वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरीच्या चौकशीत, सिनेटच्या समितीपुढे निक्सन यांच्याशी झालेली संभाषणे आठवणीतून सांगितली आणि पुढे त्या संभाषणांच्या ध्वनिफिती उपलब्ध झाल्या. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी 1981 मध्ये दोन्ही ताडून पाहिले, तेव्हा डीन यांचे शब्द आणि प्रसंगांचे तपशील अनेकदा चुकलेले निघाले, पण प्रकरण दडपले जात होते हे त्यांचे मूळ म्हणणे खरे होते. प्रौढ माणसाची काही महिन्यांपूर्वीची आठवण अशी असेल, तर मुलाच्या आठवणीतून नेमकी वाक्ये मागणे मला अन्यायाचे वाटते. उलट, आठवत नाही म्हणजे घडले नाही, असेही म्हणता येत नाही. संशोधक लिंडा विल्यम्स यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी अत्याचार झाल्याची रुग्णालयात नोंद असलेल्या 129 स्त्रियांना सुमारे 17 वर्षांनी विचारले असता, 38 टक्के स्त्रियांनी तो नोंदलेला प्रसंग सांगितला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आठ-नऊ वर्षांच्या मुलीजवळ अशा गोष्टीसाठी शब्दच नसतात. ती "ते काका मला आवडत नाहीत" एवढेच म्हणते आणि तिच्या मनात मात्र आपण सगळे सांगितले असेच राहते. आईच्या कानांवर पडते ती मुलीची एक कुरकुर. दोघीही खोटे बोलत नसतात.

म्हणून आपल्याला जे आठवते ते, कोणाशी बोलण्याआधी, खात्रीचे आणि अंधूक असे वेगळे करून लिहून ठेवा; नंतर ऐकलेले त्यात नकळत मिसळते. घरातल्या इतरांना विचारताना उत्तर सुचवू नका. मी आत्याला फक्त माझी शिकवणी का सुटली एवढेच विचारले. ती म्हणाली, महिन्याची फी भरलेली असूनही वहिनीने एका दिवसात शिकवणी बंद केली आणि त्यावरून घरात बोलाचाली झाली.

त्यानंतर मी आईशी वाक्यावरून वाद घातला नाही. मी काय म्हणाले होते हे सोडून, तू पुढे काय केलेस, असे विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ते जिना उतरताना दिसले की मी तुला आत बोलावून घेत असे."