चंद्रपूरला तयार झालेली वीज ठाण्यातल्या घरापर्यंत येते कशी? एवढ्या अंतरात ती वाटेतच संपत नाही का?

संपत नाही, पण थोडी वाया जाते. मी उपकेंद्रात ऑपरेटर होतो, तेव्हा तिथल्याच भाषेत सांगतो.

तार तापते ती करंटमुळे. करंट दुप्पट झाला की तोटा चौपट. चंद्रपूरचा 500 मेगावॅटचा एक संच 21 केव्हीला (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वीज देतो. पूर्ण लोडवर करंट होतो सोळा हजार अँपियरच्या आसपास. तो ट्रान्सफॉर्मरपर्यंत न्यायलाच अ‍ॅल्युमिनियमचे जाडजूड नळ लागतात, साध्या तारेचं ते काम नव्हे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज 400 केव्हीवर चढवतो. वीज तेवढीच, करंट मात्र साडेआठशेवर येतो. म्हणजे एकोणीस पट कमी, आणि त्याच तारेतला तोटा साडेतीनशे पटींहून कमी!

चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे ही तर खास लाइन. 752 किलोमीटर, अधिक-उणे 500 केव्ही, आणि तीही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी; घरात येते ती एसी, सतत दिशा बदलणारी. 1999 पासून चालू आहे, क्षमता 1500 मेगावॅट. लांब पल्ल्याला डीसी परवडते, कारण तोटा कमी आणि एसीच्या तीनऐवजी दोनच तारा ओढायच्या, एक अधिकची, एक उणेची. पडघ्याला तिची परत एसी होते. तिथे ती ग्रीडमध्ये, म्हणजे सगळ्या लाइनींच्या जाळ्यात, मिसळली की तुमच्या दिव्यातली वीज चंद्रपूरची की कोयनेची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पुढे उपकेंद्रागणिक 220 केव्ही, मग 132 किंवा 100, मग 33, 22, 11 असं व्होल्टेज उतरत जातं. शेवटी तुमच्या कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. तिथून तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, निघतात. दोन फेजमध्ये 400 व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये 230.

सगळा प्रवास सुखरूप झाला तरी घोळ होतो तो इथे. आमच्या चाळीत एकदा पावसात न्यूट्रल तुटला. शेजारच्यांचा पंखा मरगळला आणि आमचा साठचा बल्ब शंभरासारखा पांढराफटक पेटला. न्यूट्रल नसला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकापाठोपाठ जोडल्यासारखी होतात आणि ते 400 व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ज्याचा लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त. आमच्याकडे तेव्हा बल्ब आणि टीव्ही एवढंच चालू होतं. मी मेन स्विच पाडेपर्यंत टीव्हीतून धूर निघाला होता.

तुमच्याकडे दिवे असे अचानक प्रखर झाले तर आधी मेन पाडा, वायरमनला फोन नंतर.