पेटी निवडा ती मे महिना डोळ्यांपुढे ठेवून

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथनची एक आणि कॉर्न स्नेकची एक जोडी आहे (दोन्ही विदेशी, बिनविषारी पाळीव साप). यंदा पिल्लं काढायचा विचार आहे. सध्या चारही साप काचेच्या टाक्यांत आहेत, वर जाळीचं झाकण. खोली टिनाची, सोयाबीनची पोती ठेवतो त्या कोठीला लागून. पुण्याचा मित्र प्लायवूडच्या पेट्या करून घे म्हणतो. बाकीचे म्हणतात, सगळ्यांना प्लास्टिकच्या टबांच्या रॅकमध्येच ठेव. काय घ्यावं? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, पेटीचं नंतर बघू, आधी ती खोली बदला. बॉल पायथनला पेटीच्या उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश पुरतात. कॉर्न स्नेकला त्याहून थोडं कमी. पारा बराच वेळ ३५ च्या वर राहिला की जिवावर बेततं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतो, टिनाखाली काय होत असेल ते तुम्हीच जाणता. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खोली थंड करत नाही. म्हणून जाड भिंतीची, कवेलूची किंवा स्लॅबची, उत्तरेकडची खोली बघा. तिथे कूलर लावा, पण वारा थेट पेट्यांवर नको. कोरड्या उन्हाळ्यात कूलर हवेला ओलावाही देतो आणि बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागतेच. दुपारी लाइट गेली तरी जाड भिंतीची खोली तीन-चार तास तग धरते. पेट्या जमिनीलगत ठेवा, वरच्या फळीवर गरमी जास्त साचते.

आता पेट्या. प्लायवूड मी तुम्हाला सुचवणार नाही. पावसाळ्यात फुगतं, कोपऱ्यांत बुरशी धरतं, आणि आपल्या भागात वाळवी त्याला सोडत नाही. काचेच्या टाकीवर जाळी असली की ओलावा भराभर उडून जातो. मग साप कात टाकताना कातीचे तुकडे अंगावर राहतात, डोळ्यांवरची झापडं निघत नाहीत. मोठ्या सापांसाठी स्वयंपाकघराच्या फर्निचरला वापरतात ती पीव्हीसी शीट घ्या. कोणताही फर्निचरवाला पेटी करून देईल. आतून चार फूट लांब, दोन फूट खोल, दीड ते दोन फूट उंच, समोर सरकत्या दोन काचा आणि त्यांना दुकानाच्या शोकेसला असतं ते कुलूप. हवेची भोकं एका बाजूला खाली आणि तिच्या विरुद्ध बाजूला वर पाडा. एका पेटीत एकच साप. जोडी लावायची तेव्हा नर मादीच्या पेटीत दोन-तीन दिवस सोडायचा आणि परत आणायचा.

मोठा साप आयुष्यभर अरुंद टबात ठेवणं मला पटत नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. त्याला अंग पूर्ण लांबवता आलं पाहिजे आणि गरम-थंड दोन्ही टोकांना लपायला जागा पाहिजे. पिल्लांचं उलट आहे. ती मोठ्या जागेत बुजतात, खात नाहीत. त्यांना छोटे टब आणि रॅकच बरा.

तुमचा खरा हिशोब इथेच आहे. बॉल पायथनची मादी बहुधा चार ते आठ अंडी देते, कॉर्न स्नेकची सहज पंधरा. म्हणजे चार सापांसाठी पेट्या बघताय, पण वीसेक टबांची तयारी आधी हवी. कॉर्नची पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांना गिळू शकतात. टब घेताना झाकणाच्या फटीत पेन्सिल घालून बघा. पेन्सिल गेली तर पिल्लूही जाईल. गावात सुटलेला साप काठीखालीच जातो आणि अंगावर ठिपके असलेला बॉल पायथन तर लोकांना घोणसच वाटणार.

हिवाळ्यात जोडी लावलीत तर अंडी उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि साधारण ५५ ते ६० दिवस उबवणीत राहतात. बॉल पायथनच्या अंड्यांना ३१-३२ अंश हवेत. लसी येतात तो थर्मोकोलचा जाड डबा उबवणीला चांगला, पण खोलीच ३८ वर गेली तर डबा काही करू शकत नाही. पुन्हा खोलीच. अंडी उचलताना वरची बाजू पेन्सिलने खूण करून ठेवा, उलटी करू नका.

हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेची चटई, तळाच्या एक-तृतीयांश भागालाच, थर्मोस्टॅट लावूनच. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं तारेचं टोक, पक्का चिकटवा. माझ्याकडे एक कॉर्न स्नेक आणला होता. प्रोब सरकून बाहेर लोंबत राहिला, मॅट तापत गेली आणि पोटाचे चार बोटं रुंद खवले तपकिरी होऊन उचलले गेले होते. तो साप वाचला, पण महिनोनमहिने ड्रेसिंग करावं लागलं.

पेट्यांच्या खोलीत फवारणीचा पंप, कीटकनाशकाचे डबे, मुंग्यांचा खडू, काहीही ठेवू नका. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. शेतातले उंदीर खाऊ घालू नका, त्यांनी विष खाल्लेलं असू शकतं.

नोंदणीचं राहू देऊ नका. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, पिल्लांचीही. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती जपून ठेवा. धामण, नाग, आपला अजगर यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने संरक्षण आहे. शेतात सापडला म्हणूनही कोणी घरी ठेवायचा नाही.

काचेच्या टाक्या विकू नका. नवा साप आणला की तो दुसऱ्या खोलीत, वर्तमानपत्राच्या कागदावर, त्यातल्या एका टाकीत दोन-तीन महिने वेगळा ठेवायला त्या कामी येतील.