कॉमर्सची मुलगी आणि मदतीचं जहाज

प्रश्न : माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. सुदान, गाझाच्या बातम्या पाहून तिनं ठरवलंय की नौदलात जायचं आणि युद्धात होरपळलेल्यांना जहाजानं मदत पोचवायची. मी सीए कर म्हणतो. कॉमर्सवाल्यांना नौदलात वाव असतो का? की हे नुसतं खूळ आहे? – एक वडील, डिचोली

उत्तर : खूळ नाही, पण तिनं चित्र अर्धंच पाहिलंय.

एप्रिल २०२३मध्ये २७८ भारतीयांची पहिली तुकडी पोर्ट सुदानहून जेद्दाला नेली ती आयएनएस सुमेधानं. २०१५मध्ये येमेनमधल्या एडनहून सुमारे साडेतीनशे जणांना बाहेर काढलं ते आयएनएस सुमित्रानं. दोन्ही जहाजं आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधलेली, आणि दोन्ही गस्तीनौका. गस्त हेच त्यांचं रोजचं काम. असा प्रसंग कधीमधी येतो. नौदल ही मदतसंस्था नव्हे. गस्त, सराव, महिनोन् महिने घरापासून लांब राहणं, हे तिला हवंय का, ते आधी विचारा. नको असेल तर नुसत्या मदतीच्या ओढीनं तिनं तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाझाचं. अमेरिकी लष्करानं मे २०२४मध्ये तिथल्या किनाऱ्याला तरंगता धक्का जोडला. सायप्रसला तपासून भरलेला माल त्यावर उतरायचा. आठ-दहा दिवसांतच लाटांनी तो मोडला, दुरुस्तीला इस्रायलच्या अश्दोद बंदरात न्यावा लागला. (उघड्या किनाऱ्यावर समुद्र काय करतो, हे गोव्यात सांगायला नको.) जुलैत तो कायमचा काढला, प्रत्यक्षात चालला जेमतेम वीसेक दिवस. त्याहून मोठी अडचण जमिनीवर होती. जूनमध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं तिथून माल उचलणं थांबवलं आणि उतरलेलं धान्य किनाऱ्यावर साचत गेलं. जहाजं होती, माल होता. पुढे ट्रक कुठल्या रस्त्यानं जाणार, त्याला परवानगी कुणाची, गोदाम कुणाच्या ताब्यात, इथं गाडं अडलं. हा सगळा लॉजिस्टिक्सचा, म्हणजे माल पोचवण्याच्या व्यवस्थेचा भाग, आणि तिथं कॉमर्सची मुलगी मुळीच उपरी नाही.

एनडीएतून नौदलात जायला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं, म्हणजे तो रस्ता बंद. पण शॉर्ट सर्व्हिस कमिशनमध्ये (ठरावीक वर्षांपुरती अधिकाऱ्याची नोकरी) लॉजिस्टिक्स शाखा आहे, ती मुलींनाही खुली आहे. बी.कॉम. प्रथम श्रेणीत आणि त्यावर फायनान्स, लॉजिस्टिक्स, सप्लाय चेन किंवा मटेरियल मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा असेल तर अर्ज करता येतो. प्रथम श्रेणीतलं एमबीएही चालतं. वयोमर्यादा साधारण पंचविशीची असल्यानं डिप्लोमाची वाट जास्त सोयीची. एमबीएत वेळ अगदी काठावर येतो. पुढे एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी निवड मंडळाची मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि केरळात एझिमलाला प्रशिक्षण. जाहिरात निघाली की अटी पुन्हा वाचा, त्या बदलतात.

गणवेशापेक्षा मदतीचंच आकर्षण जास्त असेल, तर हाच डिप्लोमा जागतिक अन्न कार्यक्रम किंवा रेडक्रॉससारख्या संस्थांच्या पुरवठा विभागाकडेही नेतो. तिथं अनुभव मागतात. म्हणून बी.कॉम.च्या सुट्टीत तिला मुरगाव बंदरात काम करणाऱ्या एखाद्या क्लिअरिंग एजंटकडे (कस्टम्समधून माल सोडवून देणारा) पाठवा. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, कसं वाचतात, कस्टम्सचा एक कागद चुकला की कंटेनर किती दिवस अडतो, हे तिथं महिनाभर बसून कळेल. पगार मिळाला नाही तरी चालेल.

सीएबद्दल : दोन्ही एकदम जमेल असं मला वाटत नाही. फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा द्यायला हरकत नाही, पण आर्टिकलशिपची (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीची) दोन वर्षं आणि नौदलाची वयोमर्यादा यांची टक्कर होते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत निर्णय लांबवा. आणि चष्मा असेल तर आजच नेत्रतज्ज्ञाला दाखवून नंबर नौदलाच्या निकषात बसतो का ते बघा.