कुबरनेटिसमध्ये (कंटेनर चालवणारी प्रणाली) पीव्हीसी (पॉडने डिस्कसाठी केलेली मागणी) डिलीट केला, तर तो टर्मिनेटिंगवर अडकलाय. फायनलायझर (डिलीट रोखून धरणारी खूण) काढू का?

नका काढू. तुमचा पीव्हीसी अडकलेला नाही. कुठला तरी पॉड (चालू ॲपचे कंटेनर) अजून तो व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क, वापरतोय, म्हणून कुबरनेटिसने मुद्दाम थोपवून धरलाय. आमच्या सोलापुरात चालू मागावरचा सुताचा बीम काढायला कुणी हात घालत नाही, तसंच.

सगळ्यात आधी पीव्हीची (पीव्हीसीला मिळालेल्या डिस्कची नोंद) रिक्लेम पॉलिसी बघा, म्हणजे पीव्हीसी गेल्यावर डिस्कचं काय करायचं ते. ती 'डिलीट' असेल तर शेवटचा पॉड गेल्याबरोबर पीव्हीसी जाईल आणि मागोमाग डिस्कही, डेटासकट. म्हणून आधी 'रिटेन' (डिस्क ठेवा) करा. मग पीव्हीसी डिस्क्राइब करून 'यूज्ड बाय'समोरचा पॉड शोधा आणि त्याला चालवणारा डिप्लॉयमेंट किंवा स्टेटफुलसेट शून्य पॉडवर आणा. व्हॉल्यूमअटॅचमेंट (डिस्क कुठल्या मशीनला जोडलीय त्याची नोंद) यादीतून गेला, की डिटॅच झालं समजायचं. क्लाउड कन्सोलवरचं फोर्स डिटॅच टाळाच, फाइलसिस्टिम बिघडू शकते.

नोडच (पॉड चालतात ते मशीन) बंद पडला तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट गेली, एक नोड मेला, आणि नवा पॉड मल्टी-अटॅच एरर (डिस्क अजून जुन्या नोडलाच जोडलेली) दाखवत कंटेनरक्रिएटिंगवर बसला. अशा वेळी मशीन खरंच बंद आहे हे डोळ्यांनी बघून मगच नोडला आउट-ऑफ-सर्व्हिस टेंट (taint, नोडवर लावायची खूण) लावा (कुबरनेटिस 1.28 पासून स्टेबल), म्हणजे डिस्क सुटते. मी नुसत्या पिंगवर विश्वास ठेवणार होतो. जाऊन बघितलं तर पिंगला उत्तर न देणारं दुसरं एक मशीन चालूच होतं, फक्त नेटवर्कची वायर निघालेली!