शब्दांची सोयरीक : वाचकांची प्रश्नोत्तरे

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण घोळ एकच असतो. दोन शब्दांचे चेहरे सारखे, म्हणून ते भाऊ असणार. किंवा दोन कोशांत दोन अर्थ, म्हणून एक कोश खोटा. सुटी उत्तरं लिहून हात दुखला, म्हणून या वेळी एकत्र.

प्रश्न : ‘माँगूस’चं अनेकवचन ‘माँगीस’ होतं का? (रत्नागिरी)

नाही, ‘माँगूसेस’. हा शब्द आपल्या मुंगसावरूनच इंग्रजीत गेला आहे, ‘गूस’ पक्ष्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

प्रश्न : ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांत फरक काय? (सातारा)

शिवराज्याभिषेक ‘हिस्टॉरिक’, त्यावरची कादंबरी ‘हिस्टॉरिकल’.

प्रश्न : वाचनालयातल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘नाइस’चा पहिला अर्थ ‘मूर्ख’ असा आहे. छपाईची चूक का? (अकोला)

चूक नाही, तुम्ही प्रस्तावना वाचलेली नाही. १८८४ ते १९२८ इतकी वर्षं भागाभागाने निघालेला हा कोश अर्थ काळाच्या क्रमाने देतो, सर्वांत जुना आधी. ‘नाइस’चं मूळ लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे अजाण. ‘अजाण’चा ‘मूर्ख’, मग ‘चोखंदळ’, आणि फार उशिरा ‘छान’. विद्यार्थ्यांसाठीचे कोश याच्या उलट, रोजच्या वापरातला अर्थ आधी देतात. तेव्हा पहिला अर्थ म्हणजे मुख्य अर्थ, असं धरून निबंध लिहू नका. लिहिलाच असेल तर देण्याआधी इंग्रजीच्या बाईंना दाखवा.

प्रश्न : ‘हॉस्पिटल’, ‘हॉस्टेल’, ‘हॉटेल’, ‘हॉस्पिस’ एकाच मुळाचे आहेत असं वाचलं. मग आमच्या वृद्धाश्रमाला ‘हॉस्पिस’ म्हणायला हरकत नाही ना? (नाशिक)

मूळ एकच, हे खरं. लॅटिन ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा आणि यजमानही. त्यापासून ‘होस्पिताले’. तोच शब्द फ्रेंचांच्या तोंडी झिजून ‘होस्तेल’ आणि पुढे ‘होतेल’ झाला. इंग्रजीने तिन्ही रूपं निरनिराळ्या वेळी उचलली आणि त्यांना निरनिराळी कामं दिली. पण आजोबा एक म्हणून नातवंडांचा धंदा एक होत नाही. आज ‘हॉस्पिस’ म्हणजे असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यात वेदना कमी करणारी सेवा. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स यांनी उभ्या केलेल्या संस्थेपासून हा अर्थ पक्का झाला. पाटी रंगवण्याआधी वकिलाला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारा. व्युत्पत्ती परवाना देत नाही.

प्रश्न : मुलीच्या बायोडेटात ‘होमली’ लिहून न्यू जर्सीच्या स्थळाला पाठवला. तिथल्या मावशींचा फोन आला, “हे काय लिहिलंत?” (पुणे)

मावशी बरोबर आहेत. अमेरिकी कोशात माणसाला ‘होमली’ म्हटलं की अर्थ होतो ‘दिसायला यथातथाच’. ब्रिटिश कोशात तो साध्या, घरगुती जागेचा गुण आहे, आणि आपल्या लग्नाच्या जाहिरातींत घर सांभाळणारी मुलगी. तिन्ही निघाले ‘होम’मधूनच, पण तीन मुलखांत तीन वाटांना लागले. पाठवण्याआधी विचारलं असतं तर एक शब्द खोडून भागलं असतं. आता नवा बायोडेटा त्याच मावशींकडून वाचून घ्या.

प्रश्न : पुस्तक प्रदर्शनात ‘वेबस्टर’ अगदी स्वस्तात मिळाला. सोबत फोटो. अस्सल आहे का? (नागपूर)

फोटोवरून सांगणार नाही. नोआ वेबस्टर यांचा मोठा कोश १८२८ चा. त्यांच्या मृत्यूनंतर १८४३ मध्ये त्याचे हक्क मेरियम बंधूंनी घेतले आणि आजचा ‘मेरियम-वेबस्टर’ तोच वारसा चालवतो. पण नुसतं ‘वेबस्टर’ हे नाव अमेरिकेत कुणालाही वापरता येतं, आणि दुकानदार ते सोन्याच्या अक्षरांत छापतात. मुखपृष्ठ विसरा. आतल्या पानावर प्रकाशक, संपादक आणि आवृत्तीचं साल पाहा. ही तिन्ही नसतील तर कोश रद्दीत घाला. असतील तर एकदा ग्रंथपालांना दाखवा.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवरच्या यादीत ‘नॅव्हिगेशन’ हा संस्कृत ‘नवगति’पासून आणि ‘अवर’ हा ‘होरा’पासून आल्याचं दिलं आहे. शाळेच्या भित्तिपत्रकात घ्यावी का? (ठाणे)

घेऊ नका. ही यादी मला इतक्या जणांनी पाठवली आहे की आता पहिल्या ओळीवरूनच ओळखतो. ‘नॅव्हिगेशन’ आला लॅटिनमधून : ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणं. या ‘नाविस’चं संस्कृत ‘नौ’शी खरोखर नातं आहे. यादी करणाऱ्याला ते दिसलं नाही, म्हणून त्याने ‘नवगति’ पुढे केला. हाताशी खरं सोनं असताना पितळ विकायचं, याची मला चीड येते.

आता नात्याविषयी. विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन कुठल्या तरी एका, बहुधा आता न उरलेल्या भाषेतून निघाल्या असाव्यात. म्हणजे ही चुलत भावंडं. एकीने दुसरीला जन्म दिलेला नाही. आणि पुरावा चेहऱ्याचा चालत नाही, नियमाचा लागतो. संस्कृतात ‘प’ तिथे इंग्रजीत ‘फ’ : पितृ-फादर, पाद-फूट. ‘द’ तिथे ‘ट’ : दश-टेन, दंत-टूथ. मग ‘डेंटल’मध्ये ‘ड’ कसा? तो घरचा नव्हे, लॅटिनकडून मागाहून उसना आणलेला. उलट फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ पाहा. उच्चार जवळ, अर्थ तोच, आणि नातं शून्य.

‘होरा’ची गोष्ट तर अगदी उलटी आहे. संस्कृतातला ‘होरा’च ग्रीकांकडून, त्यांच्या ज्योतिषाबरोबर इकडे आला. तोच ग्रीक शब्द लॅटिन आणि फ्रेंचमधून जाऊन ‘अवर’ झाला. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी ‘बृहज्जातका’त लिहून ठेवलं आहे की ‘अहोरात्र’चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून ‘होरा’ झाला असं काही जण मानतात. ऐकीव व्युत्पत्ती तेव्हाही होत्या तर! पण वराहमिहिरांनी निदान ‘काही जण’ म्हटलं. तुमच्या ग्रुपवर तेवढाही संकोच नाही.

भित्तिपत्रक करायचंच असेल तर पितृ-फादर, दश-टेन एवढंच घ्या आणि भाषाशास्त्राच्या एखाद्या अध्यापकांकडून तपासून घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. एका शब्दामागे त्याच्या वापराची नोंद केलेल्या किती चिठ्ठ्या लागतात ते मुलांना तिथे नेऊन दाखवता आलं तर उत्तम. आधी परवानगी विचारा.

प्रश्न : प्रबंध परवा द्यायचा आहे. शंभर व्युत्पत्ती पाठवल्या आहेत, उद्यापर्यंत तपासून द्याल का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. मार्गदर्शकांना आजच भेटा आणि मुदत वाढवून मागा. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, ही पहिल्याच पानावरची नोंद मात्र भेटीआधी खोडा. ते ‘न्यू’चं अनेकवचन आहे.